समुपदेशन व मानसोपचार : सत्त्वावजयातील सीमारेषा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय. आजचे समुपदेशन व मानसोपचार ही दोन्ही कार्ये सत्त्वावजय या एका शब्दात सामावतात, आणि त्यामुळेच आपल्या व्यवहारात गल्लत होते. रुग्णाला धीर दिला की सत्त्वावजय साधला, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही होती.

काही वर्षांपूर्वी अमडापूर येथील माझ्या चिकित्सालयात एक शेतकरी अरुची, मलावष्टंभ व निद्रानाश या तक्रारी घेऊन आले. सोयाबीन हातचे गेले होते, कर्ज थकले होते. अग्निदीपन, अश्वगंधा व शिरोभ्यंग यांची योजना करून कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत कोणाला भेटावे हेही मी सांगितले. हे समुपदेशन होते व ते योग्यच होते. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. पुनर्गठन झाले होते. परंतु झोप पहाटे तीनलाच मोडत होती, बैलजोडीकडे पाहावेसेही वाटत नव्हते, बोलणे मंदावले होते. अडचण दूर होऊनही मन उठत नाही, हेच लक्षण महत्त्वाचे होते. मी मात्र पुन्हा धीरच दिला. पुढील पंधरवड्यात फवारणीच्या औषधाचा डबा त्यांच्या पत्नीने त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. नंतर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले व ते सावरले.

समुपदेशनात व्यक्तीची विचारशक्ती शाबूत असते, अडचण समोर दिसत असते. समुपदेशक ऐकून घेतो, पर्याय मोकळे करतो. निर्णय त्या व्यक्तीचाच. बहुधा थोड्या भेटींत काम होते. मानसोपचारात विकाराचे निदान, ठरलेले उद्दिष्ट, नियमित भेटी व प्रगतीचा आढावा असतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली व कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांस परिचित करून दिलेली विवेकनिष्ठ पद्धती पाहावी. ‘कर्ज फेडता आले नाही, म्हणून मी नालायक’ ही समजूत शोधून काढणे, तिला प्रश्न विचारणे, रुग्णाला गृहपाठ देणे, हे प्रशिक्षणाविना साधत नाही. दोहोंच्या सीमा काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात, हेही खरे.

चरकांच्या उन्मादचिकित्सेतही असे दोन स्तर दिसतात, असे माझे मत आहे. प्रिय वस्तूच्या नाशाने मन बिघडल्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ती व आश्वासन, हा पहिला. शोक, भय, क्रोध आदींनी बिघडल्यास परस्परविरोधी भावांची योजना, हा दुसरा. दुसऱ्यास निदान आधी लागते.

आपल्याच विभागातील अमरावती जिल्ह्याच्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने हे स्तर प्रत्यक्ष वेगळे ठेवले. गावपातळीवरील कार्यकर्ते ओळख पटवून धीर देत, प्रशिक्षित समुपदेशक पुढील भेटी घेत, गंभीर रुग्ण मनोविकारतज्ज्ञांकडे जात. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात ‘मनोविज्ञान व मानसरोग’ या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधरांस मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीने तो दर्जा मिळत नाही. फलकावर ‘मानसोपचार’ लिहिणाऱ्या बंधूंनी हे ध्यानी घ्यावे.

माझ्या रुग्णपत्रिकेत आता अग्नी, कोष्ठ व निद्रा यांच्याखाली एक प्रश्न वाढला आहे : जगणे नकोसे वाटते का? असे विचारल्याने कोणी आत्महत्येस प्रवृत्त होत नाही. उलट अनेकांना बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास नातेवाइकांना विश्वासात घेऊन, घरातील कीटकनाशक कुलूपबंद करवून, रुग्णास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवतो. औषधालयचालकांकडे तोच ग्राहक वारंवार ब्राह्मी वा झोपेचे औषध मागू लागला, तर पुढील बाटली देण्यापूर्वी चार शब्द बोलावे व १४४१६ हा टेलिमानसचा निःशुल्क क्रमांक लिहून द्यावा. तेथे अहोरात्र, मराठीतूनही बोलता येते.