आरोग्यविमा : मूळ संरक्षण आणि पूरक लाभ

आरोग्यविम्याशी आपणा डॉक्टरांचा संबंध रोजचाच. तरीही स्वतःची पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचलेले व्यवसायबंधू माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत. रुग्णांची तर गोष्टच सोडा. इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून सध्या एक चित्र सर्रास दिसते : मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी, येथे सत्तरीच्या आसपासचे आईवडील, आणि कपाटात विम्याची एक फाईल, जी रुग्णालयात दाखल होण्याच्या दिवशीच प्रथम उघडली जाते. ती थोडी आधी उघडली जावी, एवढ्यासाठी हा लेख.

भारतात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे : रुग्णालयात दाखल झाल्यावर होणारा खर्च विमा रकमेच्या मर्यादेत भरून देणे. ‘पाच लाखांचा विमा आहे’ याचा अर्थ मात्र पाच लाखांपर्यंतचे प्रत्येक बिल पूर्ण मिळेल असा नव्हे. सर्वांत अधिक गैरसमज खोलीभाड्याच्या अटीविषयी आढळतो, म्हणून ते गणित सविस्तर मांडतो.

समजा, विमा रक्कम पाच लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. नातेवाईक म्हणतात, ‘वरचे बारा हजार आम्ही भरू.’ पण शस्त्रक्रिया, भूल, शस्त्रक्रियागृह व डॉक्टरांच्या भेटी यांचे शुल्क खोलीच्या दर्जानुसार वाढत असेल, तर कंपनी तेही पाच-अष्टमांशच देते. हे शुल्क १,२०,००० असल्यास मिळणार ७५,०००. म्हणजे रुग्णाच्या खिशातून बारा नव्हे, सत्तावन्न हजार जातात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही नाही. विमा नियामकाने २०२० सालापासून तसे स्पष्ट केले आहे. ही कपात टाळणारा, खोलीभाड्याची मर्यादा उठवणारा पूरक लाभ थोडा अधिक हप्ता भरून अनेक कंपन्यांकडे मिळतो. एकच पूरक लाभ घ्यावयाचा असेल, तर माझ्या मते तो हा.

पूरक लाभांना व्यवहारात ‘रायडर’ किंवा ‘ॲड-ऑन’ म्हणतात. हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंचा खर्च एरवी ‘अदेय’ ठरतो. तो देणारा लाभ दीर्घ मुक्कामाच्या रुग्णास उपयोगी पडतो. रोख दैनिक भत्ता मला फारसा कामाचा वाटत नाही. प्रसूतीचा लाभ घेताना त्याचा प्रतीक्षाकाळ आधी विचारावा. लग्नानंतर घाईने घेतलेला लाभ पहिल्या बाळंतपणास बहुधा पोचत नाही.

गंभीर आजाराच्या लाभाकडे मात्र आपण वैद्यकीय दृष्टीने पाहिले पाहिजे, कारण तेथे बिल किती झाले हा प्रश्नच नसतो. व्याख्येत बसणाऱ्या निदानावर एकरकमी पैसे मिळतात. सारा भर व्याख्येवर. ‘कार्सिनोमा इन सिटू’ कर्करोगाच्या व्याख्येत येत नाही. पक्षाघातात मज्जासंस्थेचा कायमचा दोष निदान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. तात्पुरता झटका त्यात धरत नाहीत. बायपासच्या व्याख्येत अँजिओप्लास्टी बसत नाही. रुग्णाला ‘कॅन्सर आहे म्हणजे पैसे मिळतील’ असे आपण सहज बोलून जातो, ते बोलू नये.

विमा रक्कम वाढविण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे टॉप-अप. येथे दोन सारखी दिसणारी नावे आहेत. पाच लाखांची मूळ पॉलिसी व पाच लाखांच्या वरचा टॉप-अप असून वर्षात चार-चार लाखांची दोन दाखले झाली, तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल पाच लाखांवर गेले नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकत्र खर्च पाहतो आणि वरचे तीन लाख देतो.

आता आपल्या लेखणीविषयी. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, आणि पाच वर्षे अखंड विमा असल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. परंतु त्या आधीच्या काळात सारे काही केसपेपरवरील इतिहासावर ठरते. ‘बीपी केव्हापासून?’ यावर आजोबा म्हणतात, ‘असेल आठ-दहा वर्षं.’ रात्रपाळीचा निवासी डॉक्टर लिहितो : दहा वर्षे. पहिले निदान प्रत्यक्षात चार वर्षांपूर्वीचे असते, जुनी चिठ्ठी घरी पडलेली असते, आणि कंपनीच्या हाती लेखी पुरावा मात्र दहा वर्षांचा जातो. मी माझ्या कनिष्ठांना सांगतो की वर्ष ठाऊक नसेल तर ‘रुग्णाच्या अंदाजानुसार’ असे लिहा, जुने कागद मागवा. खोटे काही लिहू नये, हे सांगणे नलगे. पण अंदाजाला वस्तुस्थितीचे रूपही देऊ नये. अर्ज भरताना मात्र रुग्णाने मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सर्व स्वतः नमूद करावे. एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी.

सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबास वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. खासगी विमा असला तरी ते घेता येते. उपचार योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच होतात, तेव्हा कार्ड आधी काढून ठेवावे आणि जवळचे असे रुग्णालय कोणते, तेही पाहून ठेवावे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. लागतात ते कागद : पॉलिसी, नकाराचे पत्र आणि आपण दिलेले डिस्चार्ज कार्ड.