कोणत्या वयात गेले?

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरतात. घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हा प्रश्न त्यात असतोच. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याला एक जोड द्यावी: कोणत्या वयात? वडील पंच्याहत्तरीत अटॅकने जाणं वेगळं आणि काका अडतिसाव्या वर्षी शेतात कोसळणं वेगळं. घरातल्या पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६० च्या आत हृदयविकार झाला असेल, तर लिपिड प्रोफाइल करायलाच हवं. सरकारी तपासणीत बीपी, शुगर आणि तीन कॅन्सर पाहिले जातात, कोलेस्टेरॉल मात्र राहून जातं.

कमी वयातल्या अशा हृदयविकारामागे कोलेस्टेरॉल वाढवणारा आनुवंशिक दोष असू शकतो. तो साधारण २५० जणांत एकाला असतो, म्हणजे पाच हजार वस्तीत वीसेक माणसांना. यकृत रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसं उचलत नाही, त्यामुळे ते जन्मापासूनच वाढलेलं राहतं. माणूस बारीक आहे, दिवसभर रानात राबतो, तेलकट खात नाही, म्हणून त्याला वगळू नका.

पहिल्या तपासणीला उपाशीपोटी बोलवायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करा. एकूण कोलेस्टेरॉलवर न थांबता एलडीएल बघा. मोठ्यांत १९० आणि मुलांत १६० च्या पुढे असेल तर संशय घ्या, पण आधी टीएसएच, लघवीतलं प्रथिन, कावीळ आणि स्टेरॉइडच्या गोळ्या तपासून घ्या. मग चप्पल काढायला सांगून टाचेमागची शीर चाचपा. ती जाड किंवा गाठाळ लागली, किंवा पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरी कडा दिसली, तर निदानाला बळ मिळतं. गाठी नसल्या तरी आजार नाही असं मात्र समजू नका. जनुक तपासणीसाठी उपचार थांबवायचं कारण नाही.

१० मिलिग्रॅमची अटोर्व्हास्टॅटिन इथे पुरत नाही. सहसा ४० ते ८० लागते, किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४०. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. एलडीएल निम्म्याहून खाली आणि ७० च्या आत यायला हवं. नाही आलं तर एझेटिमाइब १० जोडा. रिपोर्ट चांगला आला की रुग्ण गोळी सोडतो, म्हणून ही गोळी जन्मभराची आहे हे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर सांगा. मूल हवं असलेल्या बाईला स्टॅटिन आधीच बंद करावी लागते, हेही तेव्हाच बोला. तंबाखू आणि बिडी तर सुटलीच पाहिजे.

सगळ्यांत मोठं काम यापुढे आहे. केसपेपरच्या मागे घराची वंशावळ काढा. रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला आणि मुलाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते. मुलांची तपासणी दहाव्या वर्षापर्यंत व्हावी, आणि औषध तज्ज्ञांच्या सल्ल्याने आठ-दहा वर्षांपासून देता येतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. नवरा-बायको दोघांतही दोष असेल तर दर चार मुलांत एकाला तो दुप्पट येण्याचा धोका असतो. अशा मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळट गाठी दिसतात आणि एलडीएल ४०० च्या पुढे जातं. त्याला लगेच अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवा.

हे सगळं ओपीडीच्या गर्दीत मोठ्याने बोलू नका. लग्नाच्या मुलीची सोयरीक अडेल या भीतीने घरं तपासणी टाळतात. आशाताईंनी घरी जाऊन, आईला बाजूला घेऊन सांगितलेलं जास्त पटतं. कामासाठी पुण्याला गेलेल्या भावाला रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, तिकडच्या डॉक्टरांना तो लागेल.