तापली की बंद पडणारी येझदी

प्रश्न : धारवाडच्या एका वाचकाकडे वडिलांची येझदी रोडकिंग आहे. सकाळी ती पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, पण हुबळीच्या वाटेवर तापली की बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. कार्बोरेटर दोनदा साफ करून झाला. दोष कुठे असेल?

उत्तर : म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1996पर्यंत बनलेल्या या गाड्यांचे हे जुनेच दुखणे आहे. थंड झाल्यावर गाडी सुरू होते, म्हणजे संशय आधी विजेवर घ्यावा.

गाडी बंद पडताच प्लग काढून बघावा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचते आहे. मग दुसरा कोरडा प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून ठिणगी तिथून लांबच ठेवावी. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मलूल दिसली तर उजवे झाकण उघडून पॉइंट तपासावेत.

पॉइंट जळून काळे पडले असतील आणि उघडताना त्यांत मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला आहे. तापल्यावर त्याचे आतले आवरण दगा देते. पॉइंटमधले अंतर फिलर गेजने 0.4 मिलिमीटर ठेवावे. पॉलिश पेपर मात्र वापरू नये, त्याची रेती आत अडकते.

बॅटरीही मोजावी. ती मेली तर ठिणगी दुबळी होते.

कंडेन्सर स्वस्त असतो, तो आधी बदलावा. तरीही गाडी तापून बंद पडली, तर इग्निशन कॉइल बदलावी.