कासवाच्या वाफ्याला खत घालू का?

घाल की गं! फोनवर इतकी घाबरून विचारत होतीस, की मला वाटलं काही झालंच. इथे पुण्यात स्टार कासव घरात ठेवलं तर 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. तुला तिथे इंग्लंडात कागदपत्रांसकट हर्मन कासव पाळता येतंय, तर नीट पाळ.

शेणखत असो की गोणीतलं, मुळं शेवटी नायट्रेट, अमोनियम, फॉस्फेट, पोटॅश असे क्षारच पाण्यातून ओढतात. त्यामुळे बेताने घातलेल्या खताने पान विषारी होत नाही. नत्राचा मारा झाला तर मात्र पानं लुसलुशीत दिसतात आणि आत नायट्रेट साठतं. ऊन कमी असलं की आणखीच. म्हणून हिवाळ्यात खिडकीतल्या कुंड्यांना काही घालूच नकोस.

मला खरी काळजी आहे ती मातीच्या वरच्या थराची. कासवाचं तोंड कायम जमिनीलगत. सावकाश विरघळणाऱ्या खताचे ते गोल दाणे पानाबरोबर सहज पोटात जातील. ते चरतं तिथे दाणेदार खत नकोच. लावणीच्या वेळी चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत मातीत मिसळलंस की पुरे. कासवासाठी लावलेलं डँडेलियन काय, केळ्या-मिरचीसारखं खादाड थोडंच आहे? पातळ खत दिलंच तर बुडाशी दे, पानांवर फवारू नकोस, आणि दोनेक आठवडे त्याला त्या वाफ्यात सोडू नकोस. ताजं शेण आणि कोंबडीखत नको, त्यात जंतू असतात. आई गुलाबाला घालते ती एरंडीची पेंड तर अजिबात नको. तिच्यात रायसिन राहिलेलं असू शकतं. पेंड खाऊन कुत्रीसुद्धा दगावतात.

हिरवळीसाठी तिथे 'वीड अँड फीड' मिळतं ना, त्यापासून चार हात लांब राहा. खताच्या जोडीला त्यात तणनाशक असतं. ते गवत राखतं आणि रुंद पानांचं तण मारतं, म्हणजे नेमकं तुझ्या कासवाचं जेवण! नर्सरीतून आणलेल्या रोपांचंही तसंच. आंतरप्रवाही कीटकनाशक पानात मुरलेलं असलं तर धुऊन जात नाही. त्यापेक्षा बी पेरून वाढव.

आणि खताचा तो अर्धा वापरलेला डबा घरमालकीणबाईंनी दिलाय म्हणालीस, त्याच्या मागच्या मजकुराचा फोटो पाठव आधी. तोवर झाकण उघडू नकोस.