तंटामुक्तीच्या खुर्चीवर बसताना

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. संग्राम,

गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष झालास हे तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. बांधाचा वाद, पाण्याची पाळी, भावकीतली वाटणी यात तू अडखळणार नाहीस. सातबारा तुला माझ्यापेक्षा चांगला कळतो. पण लवकरच एखादी सून माहेरच्या माणसांना घेऊन समितीपुढं येईल. गावात ‘मिटलेली’ अशी प्रकरणं शेवटी कोर्टात आमच्या टेबलावर यायची. एवढी वर्षं ती कारकुनाच्या नजरेनं वाचली, म्हणून लिहिते.

अशा बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, “का मारलंस रं?” विचारणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण प्रश्न आला की नवरा कारण सांगतो. आईला उलट बोलली, न विचारता माहेरी गेली, सारखी मोबाईलवर असती. मग पंच त्या कारणाचा कीस पाडत बसतात. तासाभरात मार बाजूला राहतो आणि सुनेचं वागणं तपासलं जातं. तो प्रश्न तू विचारूच नकोस. “मारलंस का?” एवढं विचार. हो म्हणाला तर कारणाशी समितीला काही घेणंदेणं नाही.

असाच एक तडजोडनामा माझ्या हातून गेला होता. शंभराच्या स्टॅम्पवर दोन कलमं, एकाखाली एक: पत्नीने सासूसासऱ्यांचा मान राखावा, पतीने पत्नीस मारहाण करू नये. खाली पंचांच्या सह्या आणि तिची सही, वळणदार अक्षरातली. दोघांचे गुन्हे जणू एकाच मापाचे! पुढं मारहाण चालूच राहिली, ती बाई कोर्टात आली, तेव्हा नवऱ्याच्या वकिलानं तोच कागद लावला. बघा, बाईनं स्वतःची चूक कबूल केलेली आहे.

कारण शोधण्याची ही खोड पुरुषांचीच आहे असं मात्र समजू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणं वाचून विचारलं होतं, यातल्या कशासाठी नवऱ्यानं बायकोला मारलं तर ते योग्य? देशातल्या ४५ टक्के बायकांनी निदान एका कारणाला हो म्हटलं, आणि ४४ टक्के पुरुषांनी. सगळ्यात जास्त होकार सासरच्या माणसांचा मान न ठेवण्याला. आपल्या राज्यातल्या बायकांचा आकडा ४४. निपाणीकडं सरकलास की कर्नाटकात ७७. तेव्हा समितीत दोन बायका घेतल्या म्हणजे झालं, असं नाही. त्यातलीच एखादी म्हणेल, आम्ही नाही का सोसलं?

आणि सूनही म्हणेल, “माझंच चुकलं.” समोर सासरा, दीर, नवरा. रात्री तिला त्याच घरात झोपायचंय. दुसरं काय बोलेल ती? तिच्याशी वेगळं बोलायची सोय कर, आणि तेव्हा माहेरचा भाऊही बाहेर बसू दे. बहीण परत आली तर वाटणीचा विषय निघतो, हे मी तुला सांगायला नको. माहेरच्यांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलंय का, तेही हळूच विचार. ज्यांनी घेतलंय त्यांना तिला सासरी परत धाडायची घाई जास्त असते, असं माझं मत आहे. तुझ्या बापाला पटणार नाही, पण मत आहे.

तुमच्या हॉलमध्ये शाहू महाराजांचा फोटो आहेच. जयंतीच्या भाषणात १९०२ चं आरक्षण येतं, राधानगरी धरण येतं, खासबागेचं मैदान तर येतंच. महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, हे कुणी बोलत नाही. ब्रिटिश गेले, संस्थानं विलीन झाली, आणि देशाच्या दंडविधानात ४९८-अ हे कलम यायला १९८३ उजाडलं. आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. तो गुन्हा कायद्यानं तडजोडीचा नाही. तुमच्या सह्यांनी तो मिटत नाही, फक्त लांबतो, आणि तेवढ्या काळात तिचा एखादा हात मोडतो.

दुसरा आहे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. याचा तुला जास्त उपयोग. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी एकत्र राहत्या घरातून तिला परस्पर बाहेर काढता येत नाही. मॅजिस्ट्रेटचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. आणि छळ होतोय असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं; प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर उलटून दावा लागत नाही. म्हणजे तूही कळवू शकतोस. कागदावर साठ दिवसांत निकाल व्हावा असं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, ते तिला आधीच सांग, नाहीतर दुसऱ्या तारखेलाच खचते. मार ताजा असेल तर बैठक राहू दे. आधी तिला सीपीआर रुग्णालयात ने आणि जखमांची नोंद करून घे.

खोट्या केसेस होतात, असं तू म्हणशील. होतात. ते तपासायला न्यायाधीश आहेत. ते काम तुझं नाही.

आणि पहिलंच प्रकरण तुझ्या तालमीतल्या कुणाचं निघालं तर? अवघड आहे. तरी तूच त्याला सांग, पोलीस पाटलाकडून निरोप धाडू नकोस. गावात इतरांचं तो ऐकणार नाही, तुझं कदाचित ऐकेल. नाही ऐकलं तर संरक्षण अधिकाऱ्याला कळवायचं.

तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर आणि १८१ ही महिला हेल्पलाईन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घे. दूध संस्थेतही लाव; तिथं सकाळ-संध्याकाळ बायका येतात. कुठल्या प्रकरणात कागद करायचाच झाला तर सह्या व्हायच्या आधी मसुदा मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. रविवारी मी घरीच असते.

तुझी,
आत्ती