साखळीतला हात

चि. राजास,


रविवारी मैदानावर कुणाचं घड्याळ हरवलं आणि तू फक्त पारधी वस्तीतल्या मुलांच्या पिशव्या उघडायला लावल्यास, असं दादा फोनवर म्हणाला. खरं आहे का रे? खोटं असेल तर लगेच कळव, मी शांत झोपेन. पण खरं असेल तर विचार कर, उन्हातान्हात जाऊन या मुलांना फुकट कबड्डी शिकवणारा तूच आणि त्यांच्या पिशव्यांची झडती घेणाराही तूच, यातलं त्यांच्या मनात काय राहील? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसाला जन्मावरूनच चोर ठरवलं. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला; आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या. कायदा 1952 मध्ये देशभरातून गेला. झडती गेली नाही, आणि परवा ती तुझ्या हातून झाली.

तू म्हणशील, हरवलेली वस्तू शोधायचीच नाही का? शोध की. पण आधी स्वतःची पिशवी उघड, मग गावातल्या मुलांची, मग वस्तीतल्यांची. पोरं जिंकायला लागली की लोक आपोआप मानतील, असंही तू नेहमी म्हणतोस. ते मला पटत नाही. दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याआधी पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारी माणसं त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात देत. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही 1923 मध्ये. चेंडूचं कौतुक झालं म्हणून चहाचं भांडं बदललं नाही. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून खेळाने जातींमधलं अंतर कमी होतं का, हे तपासलं. एका संघात मिसळून खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. समोरासमोर खेळण्याने ती वाढली नाही, उलट घटली. म्हणून ‘वस्ती विरुद्ध गाव’ असे सामने लावत असशील तर तेही थांबव. साखळी करून पकड करायची तर शेजारच्याचा हात धरावाच लागतो. तो शेजारी गावातला असू दे. पाण्याची कळशी एकच असू दे. 

एका माणसाच्या वागण्याने काय होणार, हा प्रश्न तुझ्या वयात मलाही मोठा शहाणपणाचा वाटायचा. त्या शहाणपणाच्या नावाखाली किती वेळा गप्प बसले, याची आता लाज वाटते. वस्तीबद्दलचं गावाचं मत तुझ्याने बदलेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण मैदानावरच्या त्या पोरांपुरतं, गावाचा माणूस म्हणजे तूच आहेस. त्यांच्या घरी जा, आईबापांसमोर चुकलं म्हण. पोरं पुढच्या रविवारी आली नाहीत, तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जा.

फार बोलले, राग धरू नकोस. शिकवणं सोडायचा विचारही मनात आणू नकोस. तू जातोस याचा मला किती अभिमान आहे, हे दादाला विचार. गुडघा अजून दुखतो का? रात्री शेक घे. दिवाळीला सगळ्या पोरांसाठी लाडू पाठवायचे आहेत. किती मुलं येतात, तो एकूण आकडा कळव.

तुझी,
आत्या