धारणीय वेग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वेगांचे दोन वर्ग सांगितले आहेत. भूक, तहान, झोप, मलमूत्र हे शरीराचे वेग अडवू नयेत. लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग आवरावेत. मराठीत वेग म्हणजे गतीही. त्यामुळे वाहनचालकांच्या संतापाचा विचार करताना मला हा अध्याय हटकून आठवतो. आजचा चालक नेमके उलट करीत असतो. झोप, भूक आणि मूत्रवेग तो तासन्‌तास रोखून धरतो आणि क्रोध मोकळा सोडतो. माझ्या मते यातील दुसरी गोष्ट बहुतांशी पहिलीतूनच उद्भवते.

डिचोलीच्या वाचकांना उदाहरण शोधावयास दूर जावे लागणार नाही. खाणींवरून आमोणे, नावेली, सुर्ला येथील धक्क्यांकडे खनिजाचे ट्रक धावत, तेव्हा सारा हिशेब खेपांवर असे. पुढच्या स्कूटरवाल्याने वाट न दिल्यास जाणारी पाच मिनिटे म्हणजे बुडालेली मजुरी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. काही काळ सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये त्या पुन्हा थांबल्या. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खनन परत सुरू झाले. बंदीच्या काळात ट्रकचालकांचे स्वभाव पालटले असे कोणी म्हणणार नाही. एक खेप अधिक मारण्याचे कारण तेवढे उरले नव्हते.

पेडण्यात आता खेपेची जागा विमानाच्या वेळेने घेतली आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली आणि धारगळ, पत्रादेवीच्या महामार्गावर मध्यरात्रीही घाई आली. गावच्या अरुंद वाटेवर समोरचा माणूस ओळखीचा असे, त्यामुळे गाडी मागे घेण्यात कमीपणा वाटत नसे. महामार्गावर बंद काचेआड चेहरा दिसत नाही. दिसते ती केवळ अडवणूक.

अशा क्षणी ॲड्रिनलीनने नाडी व रक्तदाब चढतो, विवेक मागे पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते; एक रागाची नजर शेजारच्या गाडीवर टाकण्यास तेवढा काळ पुरे. तीव्र संतापानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हेही संशोधनाने दाखविले आहे.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने एका गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेही चालकाचे जेवण लांबले की रक्तशर्करा उतरते. घाम, थरथर यांच्या जोडीने चिडचिड आणि भांडखोरपणा दिसतो. लोक त्यास मुजोर म्हणतात, क्वचित दारुडा ठरवितात. त्यास गरज असते साखरेची आणि गाडी कडेला घेण्याची. तीच गोष्ट घोरणाऱ्या, स्थूल चालकाची. निद्रेत श्वास अडखळल्याने त्याची रात्र वाया जाते आणि दिवसा तो अकारण तापतो.

वाहन परवान्याच्या नमुना १-अ मध्ये आपण दृष्टी, रंगज्ञान, श्रवण, हातापायांची हालचाल तपासतो. झोपेचा रकाना तेथे नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो: काल किती तास झोपलात, जेवणाच्या वेळी गाडी कुठे असते, आणि पैसे महिन्याला मिळतात की खेपेला? पहिल्या दोन उत्तरांवरून गोळीची मात्रा व वेळ बदलता येते, झोपेची चाचणी सुचविता येते. तिसरे उत्तर मी रुग्णाच्या कागदावर नोंदवून ठेवतो. पुढच्या खेपेस रक्तदाब चढलेला आढळला, तर ते उपयोगी पडते.